पडल्या पडल्या भरता येणारी बंदूक

प्रश्न असा आहे: लष्कराने रीतसर स्वीकारलेली पहिली बोल्ट रायफल, म्हणजे मागचा दांडा सरकवून भरायची बंदूक, कोणती? ती काळाच्या एवढी पुढे होती, तर बाकीच्या देशांनी पाव शतक तिच्याकडे पाठ का फिरवली? आणि मग ती पाच-सहा वर्षांतच बाद कशी झाली? विचारणाऱ्याने शेवटी हेही जोडलं आहे की ती आपल्याकडे कधी आली होती का.

बंदूक प्रशियाची, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य जर्मन राज्याची. जर्मनमध्ये तिला 'त्स्युंडनाडेलगेव्हेर' म्हणतात, म्हणजे पेटवणाऱ्या सुईची बंदूक. आपण तिला सुईची बंदूकच म्हणू. करणारा योहान निकोलाउस ड्रायझे. बहुतेक लेखांत तिचं कौतुक 'मिनिटाला इतक्या गोळ्या' या एका आकड्यावर संपतं. मी लष्करात सव्वीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, हजारो बोल्ट खोलून पुसून परत बसवले आहेत, आणि माझं मत वेगळं आहे. वेग हा तिचा दुसरा गुण. पहिला गुण हा की ती जमिनीवर पालथं पडून भरता येत होती. हे नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

ते समजायला आधी ठासणीची बंदूक बघा. निवृत्तीनंतर काही वर्षं मी कोकणात एका परवानाधारक दुकानात दुरुस्तीचं काम केलं. शेतराखणीच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका तिथे रोज यायच्या. डुकरं-माकडं हाकलायला शेतकरी त्या ठेवतात. ती भरायची तर बंदूक उभी धरावी लागते, नळीचं तोंड वर. दारू ओता, बोळा घाला, गज काढून ठासा, गोळी किंवा छर्रे घाला, परत बोळा, परत ठासणं, गज जागेवर, मग घोडा अर्धा ओढून निपलवर केप, म्हणजे ठिणगी देणाऱ्या स्फोटक मसाल्याची छोटी टोपी, बसवा. इतकं झालं की एक बार. सवयीच्या माणसालाही एवढ्याला बराच वेळ लागतो. लष्करात दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत एकत्र बांधलेली मिळे, म्हणून कसलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढी. पण उभं राहण्यातून त्याचीही सुटका नव्हती. शत्रू समोरून गोळ्या झाडतोय आणि हा छाती पुढे करून गज चालवतोय. दीडशे वर्षांहून अधिक काळ युरोपातल्या पायदळाच्या रांगा, हुकूम, कवायत हे सगळं या एका अडचणीभोवती बांधलेलं होतं.

ड्रायझे जन्मला 1787 मध्ये, थुरिंगियातल्या झ्योमरडा नावाच्या लहानशा गावात. बाप कुलपं करणारा, मुलगाही तेच शिकला. 1809 ते 1814 तो पॅरिसमध्ये होता आणि तिथे योहान सामुएल पाउली या स्विस कारागिराच्या हाताखाली त्याने काम केलं. पाउलीने 1812 मध्ये मागून भरायच्या बंदुकीचं आणि दारू, गोळी, ठिणगी तिन्ही एकत्र असलेल्या काडतुसाचं पेटंट घेतलं होतं. काळाच्या मानाने ती कल्पना फार पुढची होती आणि व्यवहारात ती चालली नाही. ड्रायझे मात्र ती डोक्यात घेऊन गावी परतला. तिथे त्याने बंदुकीच्या केपांचा कारखाना काढला आणि स्फोटक मसाला कसा हाताळायचा याचा हात बसवला. पुढची सगळी वाट त्याला या केपांनीच दाखवली असं मला वाटतं. 1827 च्या सुमारास त्याची पहिली सुईची बंदूक झाली, पण ती अजून तोंडातूनच भरायची होती. मागून भरायची बंदूक 1836 मध्ये झाली. 1840 च्या डिसेंबरात प्रशियाच्या राजाने 60,000 नगांची मागणी नोंदवली आणि नाव मुद्दाम साधं ठेवलं: 'हलकी पर्कशन बंदूक, मॉडेल 1841'. कागद कुणाच्या हाती पडला तरी सुईचा पत्ता लागू नये म्हणून. तयार बंदुका वापरायला न देता शस्त्रागारात साठवल्या जात होत्या. 1848 च्या 14 जूनला बर्लिनमध्ये जमावाने शस्त्रागार फोडलं, काही बंदुका बाहेर गेल्या आणि गुपित संपलं. 1849 मध्ये ड्रेस्डेनचा उठाव आणि बाडेनची क्रांती मोडताना ती पहिल्यांदा माणसांवर चालली. सुईची बंदूक हे नाव सरकारी कागदावर यायला 1855 उजाडलं.

आता आतली रचना. काही वर्षांपूर्वी जर्मनीत एका खासगी संग्राहकाने मला 1862 मॉडेलचा नग हातात दिला, तोच डोळ्यासमोर ठेवून सांगतो.

वजन पाच किलोच्या जवळ. नळीच्या मागे एक लांब, जाड, वरून कापलेली नळकांडी आणि तिच्यात मागेपुढे सरकणारा भरीव दांडा, त्याला गोल डोक्याची मूठ. दाराची आडवी कडी आठवा: सरकवायची, फिरवायची, खाचेत अडकवायची. कुलपं करणाऱ्याच्या मुलाने बंदुकीला कडी बसवली, एवढीच ती गोष्ट आहे, आणि आज बोल्ट म्हणतो ती हीच. मागच्या टोकाला आणखी एक छोटा सरकता भाग असतो, त्याला जर्मन शिपाई 'श्लॉसखेन' म्हणत, म्हणजे छोटं कुलूप. भरायची पद्धत अशी: आधी ते छोटं कुलूप मागे ओढायचं, त्याने सुई आत जाते. मूठ तळव्याने डावीकडे ठोकायची, बोल्ट मागे ओढायचा, काडतूस घालायचं, बोल्ट पुढे ढकलून मूठ उजवीकडे ठोकायची. शेवटी छोटं कुलूप अंगठ्याने पुढे दाबायचं, की स्प्रिंग ताणली जाते आणि चाप ओढायला बंदूक तयार. मूठ नळकांडीच्या ज्या खांद्याला टेकते तो किंचित तिरपा घासलेला असतो. मूठ जितकी ठोकाल तितका बोल्ट नळीवर घट्ट बसतो. मी ठोकली तेव्हा आवाज आला तो जुन्या वाड्याच्या दाराची कडी बसल्यासारखा, जड आणि बोथट. आपल्या पोलिसांकडच्या जुन्या .303 रायफलचा बोल्ट करकरीत वाजतो, तसा नाही.

आणि ही सगळी हालचाल पालथं पडून, डोकं न उचलता होते. गज नाही, उभी नळी नाही, केप शोधायची नाही.

काडतूस बंदुकीहूनही जास्त बघण्यासारखं आहे. बाहेर कागदाची पुडी. आत मागे काळी दारू, पुढे कागदाच्या लगद्याची दाबून केलेली एक वाटी, आणि वाटीत बसवलेली शिशाची गोळी, लांबट अंड्याच्या आकाराची, सुमारे 31 ग्रॅमची. ठिणगी देणारा मसाला या वाटीच्या बुडाला, म्हणजे दारूच्या पुढे. चाप ओढला की सुई कागद फोडते, सगळ्या दारूतून आरपार जाते आणि पुढच्या मसाल्यावर आपटते. समोरून पेटलेली दारू पुरती जळते, असा त्यामागचा समज होता. नळीची आतली मापं 15.43 मिलिमीटर, गोळी 13.6. म्हणजे गोळी नळीला शिवतच नाही. नळीतले पिळाचे चर पकडते ती लगद्याची वाटी, ती गोळीला फिरवत नेते आणि तोंडाबाहेर पडताच सुटते. त्यामुळे नळीत शिसं साचत नसे. वाटी गोळीला दर वेळी सारखीच धरेल याची मात्र खात्री नव्हती, आणि नेम मध्यमच राहिला.

इथे आपल्या इतिहासाशी एक धागा जुळतो. 1857 च्या एनफिल्डच्या काडतुसाचं टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे, आणि त्याच्या चरबीवरून काय झालं हे आपल्याकडे शाळेतलं मूलही सांगेल. त्याच्या सोळा वर्षं आधी प्रशियाने घेतलेल्या बंदुकीचं काडतूस फाडावंच लागत नव्हतं. अख्खं आत जाई, कागदासकट. दोन्ही कागदाचीच काडतुसं, पण हाताळणीत इतका फरक.

मग बाकीच्यांनी ती का घेतली नाही? ते अडाणी होते म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. इंग्रजांनी 1850 च्या सुमारास ती तपासली आणि रचना फार नाजूक, गुंतागुंतीची म्हणून बाजूला ठेवली. त्यांच्या आक्षेपांत तथ्य होतं, ते खाली येईलच. सगळीकडच्या सेनापतींची दुसरी भीती अशी की भरणं इतकं सोपं केलं तर शिपाई गोळ्या उधळेल आणि ऐन वेळी हात रिकामे राहतील. तिसरं कारण कारखान्याचं. बोल्टचं शंकूसारखं तोंड आणि नळीचं टोक एकमेकांत तंतोतंत बसायला हवं, आणि हे हजारो नगांत जमवणं त्या काळच्या यंत्रांना जड होतं. खुद्द प्रशियाला आपलं सगळं पायदळ या बंदुकीने सज्ज करायला वीस वर्षांवर लागली.

त्याच काळात ठासणीची रायफलही सुधारत होती, हे लोक विसरतात. ऑस्ट्रियाची 1854 ची लॉरेन्झ रायफल लांबच्या पल्ल्याला सुईच्या बंदुकीपेक्षा सरस होती. कागदावर तुलना केली तर मी स्वतःही कदाचित लॉरेन्झच निवडली असती. पण तिच्या गोळीची वाट बरीच वाकडी. अंतर चुकीचं जोखलं की गोळी डोक्यावरून जाणार नाहीतर पायाशी पडणार. त्यासाठी भरपूर सराव लागतो, आणि ऑस्ट्रियाचा शिपाई वर्षाला सुमारे वीस गोळ्या सरावाला झाडी, प्रशियाचा सुमारे शंभर. त्यात 1859 मध्ये इटलीत फ्रेंचांच्या संगिनींपुढे हार खाल्ल्यामुळे ऑस्ट्रियाने ठरवलं की गोळीबारावर भिस्त नको, दाट घोळक्याने संगीन लावून धावून जायचं. चांगली बंदूक हातात, आणि लढायची रीत नेमकी तिच्या उलट.

याचा पहिला दाखला 1864 चा, डेन्मार्कविरुद्धच्या युद्धातला. 3 जुलैला लुंडबी गावाजवळ डॅनिश तुकडी संगीन रोखून दाट रांगेत प्रशियाच्या सव्वाशेएक शिपायांवर चालून गेली. समोरचे एका बांधाच्या आडोशाला थांबून बार काढत राहिले. थोड्या मिनिटांत डॅनिश तुकडीची मोडतोड झाली, डझनांनी माणसं मेली, त्याहून जास्त जखमी झाली. प्रशियाकडचे जखमी तीन. चकमक लहान होती, म्हणून युरोपने मनावर घेतलं नाही.

बरोब्बर दोन वर्षांनी, 1866 च्या 3 जुलैला, प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या युद्धात, कोनिगग्रेट्झची लढाई झाली. पण मला त्याआधीची 27 जूनची ट्राउटेनाउची लढाई जास्त सांगावीशी वाटते. त्या दिवशी जिंकले ऑस्ट्रियन. प्रशियाचं दल मागे रेटलं गेलं, मैदान ऑस्ट्रियाच्या हाती आलं. तरी ऑस्ट्रियाची हानी सुमारे 4,800 आणि प्रशियाची सुमारे 1,300. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या साडेतीन पटींहून जास्त माणसं गमावली. ज्या सैन्याला जिंकणंही परवडत नाही त्याने हरल्यावर काय करायचं? कोनिगग्रेट्झला श्वीबच्या जंगलात प्रशियाच्या एका डिव्हिजनने ऑस्ट्रियाच्या दोन कोअरमधल्या बटालियनमागून बटालियन गुंतवून ठेवल्या. झाडांत लॉरेन्झच्या लांब पल्ल्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि खोडाआड पडून भरणाऱ्यापुढे उभं राहून गज चालवणारा टिकणं अवघड होतं. ऑस्ट्रियाची ती बाजू उघडी पडली आणि तिथूनच प्रशियाच्या युवराजाचं दुसरं सैन्य आत घुसलं. दिवसाअखेर ऑस्ट्रियाकडची हानी सुमारे 44,000, त्यात निम्मे कैदी. प्रशियाची सुमारे 9,000. विजय एकट्या बंदुकीचा नव्हे. रेल्वे, तारायंत्र आणि प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याची आखणी यांचा वाटा मोठा होता, आणि तोफा तर ऑस्ट्रियाच्याच चांगल्या होत्या. पण जखमींची रांग लागली ती सुईने लावली. गोळ्या उधळण्याची भीतीही खोटी ठरली. प्रशियाच्या शिपायांनी त्या युद्धात दारूगोळा जपूनच वापरला.

यानंतर सगळ्यांची एकच धावपळ झाली. इंग्रजांनी जुन्या एनफिल्डच्या नळ्या मागून कापून स्नायडर केल्या, ऑस्ट्रियाने लॉरेन्झची वेन्झल केली, रशिया आणि इटलीने आपापल्या जुन्या बंदुकांना सुया बसवल्या. फ्रान्सने मात्र नवी बंदूक काढली, आणि तिनेच ड्रायझेची उणी बाजू जगाला दाखवली.

ती उणी बाजू मी हातातल्या नगावर बोटाने चाचपून पाहिली. बोल्टचं पुढचं तोंड आतून वाटीसारखं पोकळ असतं, नळीचं मागचं टोक बाहेरून निमुळतं, आणि टोक वाटीत बसतं. लोखंडावर लोखंड, मध्ये काही नाही. त्या नगाच्या काठावर बारीक खड्डे पडलेले होते, मुंग्यांनी कुरतडल्यासारखे. प्रत्येक बाराला तापलेला वायू त्या फटीतून निसटे आणि लोखंड खाई. जोडाची दिशा अशी की वायू पुढच्या बाजूला जाई, चेहऱ्यावर नव्हे, ही ड्रायझेची हुशारी. तरी वापरून झिजलेल्या बंदुकीतून फुत्कार इतका येई की शिपाई गाल लावून नेम धरायला कचरत आणि कंबरेवरूनच बार काढत. किटण साचलं की मूठ हाताने हलेना, दगडाने ठोकायची पाळी येई. सुई तर दर वेळी जळत्या दारूच्या मधोमध उभी. ती गंजे, ठिसूळ होऊन मोडे, म्हणून शिपायाजवळ जादा सुया दिलेल्या असत आणि मैदानातच ती बदलता येई. आणि वायू निसटतो म्हणजे जोर निसटतो. गोळीचा वेग सेकंदाला 300 मीटरच्या आसपास, आणि नेम धरायच्या दर्शकाची खूण 600 मीटरच्या पुढे नेण्यात अर्थ नव्हता.

ती फ्रेंच बंदूक आंतुआन शासपोची, म्हणून तिचंही नाव शासपो. त्याने 1866 मध्ये दोन मुख्य बदल केले. मसाला काडतुसाच्या बुडाशी आणला, त्यामुळे सुई आखूड झाली आणि दारूतून जाणं टळलं. आणि बोल्टच्या तोंडाशी रबराची चकती बसवली, बार उडाला की ती दाबाने फुगून फट बंद करी. नळी 11 मिलिमीटरवर आणली, वेग 400 मीटरच्या वर गेला, दर्शक 1,200 मीटरपर्यंत. रबरही जळे आणि बदलावं लागे, पण तोवर काम झालेलं असे. 1870 मध्ये प्रशिया आणि फ्रान्सचं युद्ध जुंपलं. 18 ऑगस्टला सेंट प्रिव्हाच्या मोकळ्या उतारावर प्रशियाचे गार्ड चालून गेले तेव्हा त्यांच्या बंदुकीच्या पल्ल्यात शत्रू येण्याआधी त्यांना शेकडो मीटर शासपोच्या माऱ्यातून जायचं होतं. आठ हजारांच्या आसपास माणसं पडली, बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. चार वर्षांपूर्वी ऑस्ट्रियनांचं जे झालं तेच. ते युद्ध प्रशियाने जिंकलं ते जर्मन कारखानदार क्रुपच्या पोलादी, मागून भरायच्या तोफांमुळे, बंदुकीमुळे नव्हे. ड्रायझेलाही रबराची चकती बसवायची योजना मंजूर झाली होती, पण सगळ्या बंदुकांना ती बसवून होण्याआधीच युद्ध उभं राहिलं.

खुद्द ड्रायझे हे बघायला नव्हता. 1864 मध्ये राजाने त्याला सरदारकी दिली आणि 1867 च्या डिसेंबरात, ऐंशीव्या वर्षी, तो झ्योमरड्यातच वारला.

पुढचं पाऊल पेटर पाउल माउझर या जर्मन बंदूककाराचं. त्याने ड्रायझेचा बोल्ट ठेवला आणि त्या छोट्या कुलपाचं वेगळं ओढणं-दाबणं काढून टाकलं. मूठ फिरवली की त्यातच स्प्रिंग ताणली जाऊ लागली. आणि कागद जाऊन पितळी काडतूस आलं. पितळ दाबाने फुगतं, नळीत काडतूस बसतं त्या कक्षेच्या भिंतीला चिकटून वायू अडवतं, आणि बाराबरोबर बाहेर निघून जातं. म्हणजे दर बाराला नवीकोरी सीलबंदी. ड्रायझेने आयुष्यभर लोखंडाकडून जे करवून घ्यायचा प्रयत्न केला ते काडतुसानेच केलं. 1871 मॉडेलची माउझर आली आणि सुईची बंदूक कोठारात गेली.

आपल्याकडचं उत्तर थोडक्यात. ब्रिटिश फौजेने ही बंदूक कधी घेतली नाही, त्यामुळे इथल्या पलटणींनाही ती मिळाली नाही. इथे ठासणीच्या एनफिल्डनंतर स्नायडर आली, मग मार्टिनी-हेन्री, आणि या दोन्ही बोल्टच्या नव्हेत. आमच्या पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, म्हणजे जगभर कागदी काडतूस जाऊन पितळी येत होतं त्याच वर्षांतला. बोल्ट आपल्या शिपायांच्या हातात आला तो पुढे ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्डच्या रूपाने, आणि मग इशापूरच्या .303 ने तो घरोघरी पोलिसांच्या खांद्यावर पोचवला. तुमच्या ओळखीत कुणी जुना हवालदार असेल तर त्याला .303 चा बोल्ट बंद करताना हाताला काय लागतं ते विचारा. ढकलताना शेवटच्या बोटभर अंतरात स्प्रिंग अडते, कारण ती रायफल बोल्ट पुढे जाताना ताणली जाते. ड्रायझेच्या शिपायाचा अंगठा ते छोटं कुलूप पुढे दाबताना जे अडणं सोसत होता, ते हेच.